निम्म्या पगाराचा ऑक्टोबर

ऑक्टोबर लागला की आमच्या घरातलं हीटिंग पुन्हा सुरू होतं. पहिल्या दिवशी रेडिएटरवर उन्हाळाभर बसलेली धूळ भाजते आणि खोल्याखोल्यांतून एक करपट वास फिरतो. तासाभरात तो जातोही. पण यंदा त्या तासाभरात मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. गेल्या वर्षीचा ऑक्टोबर त्या वासाबरोबर आत आला होता आणि त्याला बाहेर कसं काढावं ते मला कळत नव्हतं.

मी नागपूरची. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे दुपारची जीव घेणारी उन्हं, दसऱ्याची सोन्याची पानं आणि बाजारात नुकती आलेली हिरवट, आंबट आंबिया संत्री. आकाश धुऊन पुसून ठेवल्यासारखं. लंडनच्या कडेला, हॅरोत आल्यावर पहिल्या वर्षी मी या ऋतूला शरद म्हणायचा प्रयत्न केला होता, तो दोन आठवड्यांत सोडला. इथे पानं आधी सुंदर होतात, मग पडतात, मग फुटपाथवर त्यांचा लगदा होतो आणि त्यावरून घसरू नये म्हणून माणसं खाली बघत चालतात. रुळांवर पानं पडली म्हणून ट्रेन उशिरा धावते. पहिल्यांदा ही घोषणा ऐकली तेव्हा मी आणि निखिल प्लॅटफॉर्मवर पोट धरून हसलो होतो. तेव्हा आम्हाला एकमेकांच्या हसण्याचं कारण सांगावं लागत नसे.

निखिल माझा नवरा. पुण्याचा. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमधले, वर्क व्हिसावर आलो, काही वर्षांनी इथे कायमचं राहायची परवानगी मिळाली. ती मिळाल्यावर थोड्याच दिवसांत एका रविवारी निखिल मला हॅरोच्या टेकडीवर घेऊन गेला. चर्चच्या मागे एक बाक आहे, तिथून अर्धं लंडन दिसतं. तिथे बसून तो म्हणाला, "मला बँकेतलं काम सोडायचंय. शाळेत फिजिक्स शिकवायचंय."

मी म्हणाले, "बरं."

"वर्षभर ट्रेनिंग. त्यानंतरही पगार कमीच राहील."

"निखिल, मी बरं म्हणाले."

त्याने माझा हात हातात घेतला. "एकदा माझं मार्गी लागू दे. मग तुझी पाळी. तुला जे करायचं असेल ते कर, मी एक शब्द बोलणार नाही."

मी हसले होते. मला तेव्हा काहीच करायचं नव्हतं. विमा कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासायचं माझं काम होतं, ते मला येत होतं, आणि घर चालत होतं. निखिल शिक्षक झाला. चांगला शिक्षक झाला. संध्याकाळी वह्या तपासताना एखाद्या मुलीने लिहिलेलं उत्तर मला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि त्याचा चेहरा असा उजळायचा की माझ्या दिवसभराच्या मीटिंगा मला फिक्या वाटायच्या. त्याच्या त्या चेहऱ्यात माझाही वाटा आहे, असं मी मनाशी म्हणायचे.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी जवळच्या हॉस्पिटलात शनिवार सकाळची स्वयंसेवक म्हणून जायला लागले. गुजराती-हिंदी बोलणारी माणसं हवीत असं त्यांनी कळवलं होतं. मला ज्या वॉर्डात पाठवलं तिथे स्ट्रोक झालेली माणसं पुन्हा चालायला, जेवायला, बोलायला शिकत. माझं काम साधं होतं. चहा द्यायचा, खुर्ची ओढून बसायचं, गप्पा मारायच्या. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याशीही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी नर्स मला म्हणाली, "त्या खिडकीपाशी एक लेडी आहेत, एजवेअरच्या. स्ट्रोकनंतर इंग्लिश गेलंय. काहीतरी बोलतात, पण कुणालाच कळत नाही कुठली भाषा. मुलगी म्हणते इंडियन आहे, तिलाही ती येत नाही."

पाटीवर नाव होतं रिबेका. पांढरे आखूड केस, गोरा सुरकुतलेला हात, गळ्यात सहा टोकांच्या चांदणीचं बारीकसं लॉकेट. ज्यू बाई. मी मनात म्हटलं, हिला मी काय मदत करणार? मी चहाचा कप पुढे केला. तिने कपाला बोट लावलं, झटकन मागे घेतलं आणि नर्सकडे बघून चिडून म्हणाली, "नको गो. लय तापलाय."

मी तिथेच खिळले. मग म्हणाले, "गार करून देऊ का आजी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "तू... कुठची गो?"

"नागपूरची."

"लांब," ती म्हणाली. आणि रडायला लागली.

तिचं माहेर नागावचं, अलिबागजवळचं; तिथल्या पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. वाढली मुंबईत. पंचविसाव्या वर्षी नवऱ्याबरोबर लंडनला आली आणि घरात इंग्लिश सुरू झालं. ही माहिती मला तिने तुकड्यातुकड्यांनी दिली, तीन शनिवार लागले. मराठीतही तिचे शब्द हरवलेले होतेच, पण तिथे निदान त्यांची वाट माहीत होती. तिची मुलगी मिरियम, साठीची, निवृत्तीला आलेली अकाउंटंट, हे सगळं तोंडावर हात ठेवून ऐकायची. "मम्मी ही भाषा फक्त आमच्या आजीशी भांडताना बोलायची," ती मला इंग्लिशमध्ये म्हणाली. "मला वाटायचं ती रागाची भाषा आहे." मग तिने मला विचारलं, "आत्ता ती काय म्हणतेय?" आजी अडखळत म्हणत होती, पोरीचे हात थंड असतात, थंडीत हातमोजे घालत नाही. मी तसं सांगितल्यावर मिरियम वॉर्डबाहेर निघून गेली आणि बऱ्याच वेळाने नाक पुसत परत आली.

वॉर्डातली स्पीच थेरपिस्ट हेलन. उंच, थकलेली, खिशात सतत चित्रांची कार्डं. दुभाषा तिला फोनवर मिळायचा, पण फोनमधला आवाज आजीला कळत नसे. मग हेलन मला शेजारी बसवायला लागली. तिने भांड्याचं चित्र दाखवलं. आजी गप्प. मी म्हणाले, "आजी, चहा ठेवायचाय. कशात ठेवू?" आजीचे डोळे फिरले, हात हवेत उठला, बोटांनी कडा धरल्यासारखं केलं, आणि शब्द तळातून वर आला. "टोप!" हेलनला टोप म्हणजे काय ते कळलं नाही, पण आजीच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं. आम्ही तिघी शाळकरी पोरींसारख्या टाळ्या पिटत होतो.

त्या दिवशी घरी येताना मला आठवलं, की अकरा वर्षांच्या नोकरीत मी कधी टाळी वाजवलेली नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हाही टोचली होती. सप्टेंबरात मिरियमने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. आजी एकटी राहू शकणार नव्हती, एजवेअरचं घर विकायला काढायचं ठरलं होतं आणि तिची केअर होममध्ये सोय केली होती. "प्लीज, तिला सांगू नका. ती प्रयत्नच सोडून देईल." पुढच्या शनिवारी आजीने मला विचारलं, "माझं... घर?" मी म्हणाले, "आहे ना आजी. घरी जायचंय ना? मग बोला पाहू." आणि ती बोलली. त्या दिवशी तिने एकोणीस चित्रांची नावं घेतली.

सप्टेंबरच्या अखेरीस हेलनने मला सांगितलं, त्यांच्याकडे असिस्टंटची जागा निघाली आहे. मी अर्ज केला, मुलाखत दिली, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, बरोब्बर त्या करपट वासाच्या दिवशी, पत्र आलं. जागा माझी होती. पगार माझ्या पगाराच्या निम्म्याहूनही कमी. कळवायला दोन आठवडे.

मी निखिलला पत्र दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं. "वा," तो म्हणाला. मग, "हेच करायचंय तुला?"

"वाटतंय. पण भीतीही वाटते. घराचे हप्ते आहेत."

"तू ठरव. मी म्हणालो होतो ना, एक शब्द बोलणार नाही."

आणि तो खरंच बोलला नाही. त्या दोन आठवड्यांत त्याने दोनदा माझ्या आवडीचं भरीत केलं. मी टेबलावर कागद पसरून आकडे जुळवत बसायचे, तो मागून खांद्यावर हात ठेवून जायचा. मला वाटायचं, किती शहाणा माणूस मिळाला आहे मला. मी ट्रेनमध्ये बसून खिडकीबाहेरची पिवळी झाडं बघायचे आणि मनातल्या मनात राजीनाम्याचं पत्र लिहायचे. रोज त्यातलं एखादं वाक्य बदलायचे. असं नव्याने तरुण झाल्यासारखं मला पुष्कळ वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात समीरदादाने मला ऑफिसात बोलावलं. समीरदादा आमच्या विभागाचा प्रमुख, आणि मराठी मंडळातला आमचा जुना स्नेही. निखिल दर रविवारी त्याच्याबरोबर बॅडमिंटन खेळायचा. दार लावून तो म्हणाला, "बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. नवी टीम होतेय. तिची लीड तू व्हावंस असं मला वाटतं. पगार अर्थात वाढेल. तुझ्याशिवाय दुसरं नाव माझ्यासमोर आलंच नाही."

खोटं कशाला बोलू, मी फुलले. अकरा वर्षं मी वाट बघत होते की कुणीतरी दार लावून मला असं काही सांगेल. रात्रंदिवस नवऱ्याच्या, टीमच्या, कंपनीच्या सोयीने वागलेली बाई अशा एका वाक्याने किती सहज विरघळते! नागपूरला फोन केला. बाबांनी शेजारी पेढे वाटले. आईने विचारलं, "आता खुर्ची मोठी मिळते का गं?" निखिलने मला मिठी मारली आणि म्हणाला, "बघ, तुझी किंमत त्यांना कळली." आकडे तर आधीपासूनच त्या बाजूला झुकलेले होते. आता अभिमानही जाऊन बसला. मी हेलनला कळवलं, की मला जमणार नाही. तिने लिहिलं, समजू शकते, दार उघडं आहे. नव्या कामात शनिवारही जायला लागले. आजीला मी म्हणाले होते, येते पुढच्या शनिवारी. गेले नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी समीरदादाकडे जेवण होतं. वर्षावहिनी, म्हणजे त्याची बायको, मनाने मोकळी बाई. स्वयंपाकघरात मी तिच्याबरोबर पुऱ्या लाटत होते. बाहेर ढगाळ दुपार, काचेवर वाफ.

"बरं झालं बाई, निखिलने वेळेवर फोन केला," ती पुरी तेलात सोडत म्हणाली. "नाहीतर तू त्या हॉस्पिटलात जाऊन बसली असतीस."

"कसला फोन?"

"अगं, यांना नाही का केला? म्हणाला, दादा, ती सोडून चाललीय, काहीतरी कर, तिला थांबव. यांनी मग वरपर्यंत शब्द टाकला." मग तिने माझ्याकडे पाहिलं. झारा तेलात तसाच राहिला. "तुला... माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मी म्हणाले. पुरी काळी होत होती. "वहिनी, ती काढ आधी."

मी जेवले. हसले. ताट उचललं. बाहेरच्या खोलीत निखिल समीरदादाच्या खांद्यावर हात टाकून कुठल्याशा गोष्टीवर हसत होता, आणि मी विचार करत होते की हे दोघं गेले तीन आठवडे दर रविवारी खेळताना माझ्याबद्दल काय बोलत असतील. मी काय करणार हे दोघांना माहीत होतं. ज्या दाराआड मी फुलले होते, ते दार आधीच निखिलने उघडून ठेवलं होतं. बाबांच्या पेढ्यांचं काय करू, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

घरी चालत येताना, ओल्या पानांवरून, मी विचारलं.

"तू समीरदादाला फोन केलास?"

तो थांबला. "बोलता बोलता निघालं."

"निखिल."

"केला." मग भराभर, "पण ते प्रमोशन तुला मिळायला हवंच होतं. मी फक्त त्याला घाई करायला लावली. माझ्या पगारात घर राहिलं असतं का? तू दोन वर्षांत कंटाळली असतीस, मला दोष दिला असतास. मी आपल्या दोघांसाठीच..."

"मग मला सांगायचं. नको करूस म्हणायचं. मी भांडले असते."

"म्हणूनच नाही म्हटलं," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी तो एकच खरं बोलला, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. त्याने माझ्याशी भांडण्याचा धोका पत्करला नाही. भांडलो असतो तर कदाचित मीच माघार घेतली असती, कुणी सांगावं. पण ती माघार माझी असती. पाच वर्षांपूर्वी मी त्याच्यासाठी 'बरं' म्हणाले तेव्हा मलाही घराच्या हप्त्यांची भीती वाटली होती. मी ती गिळली होती आणि कुणालाही फोन केला नव्हता.

त्यानंतर त्याने अनेकदा माफी मागितली. प्रत्येक माफीला शेवटी एक 'पण' चिकटलेला.

पुढच्या शनिवारी मी वॉर्डात गेले. खिडकीपाशी दुसरंच कुणी होतं. मिरियमकडून पत्ता घेतला आणि केअर होममध्ये गेले. गरम, कोंदट हॉल, टीव्हीवर पाककृतींचा कार्यक्रम. आजी कोपऱ्यात बसलेली, अंगावर कुणा दुसऱ्याचंच वाटावं असं कार्डिगन. तिथे कुणालाच मराठी येत नव्हतं. मी समोर बसले. म्हणाले, "आजी, मी."

तिने मला ओळखलं. डोळे बारीक झाले. आणि तिने एकेक शब्द, न अडखळता, सरळ मांडला.

"तू माझ्याशी खोटं बोललीस."

तिच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं पूर्ण वाक्य. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. हेलन असती तर तिने तारीख टाकून लिहून ठेवलं असतं.

माझ्या तोंडाशी खूप काही आलं. तुमच्या भल्यासाठी आजी, तुमच्या मुलीने सांगितलं म्हणून, तुम्ही बोलावं म्हणून. सगळं खरं होतं. आणि ते सगळं मी नुकतंच निखिलच्या तोंडून ऐकलेलं होतं. मी म्हणाले, "हो आजी. घर विकायला काढलंय. मला माहीत होतं. मी खोटं बोलले."

तिने तोंड टीव्हीकडे फिरवलं. मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट करून म्हणाली, "बस."

मी बसले. टीव्हीवरची पाककृती संपेपर्यंत उठले नाही.

हेलनकडची जागा भरली गेली होती. मार्चमध्ये दुसऱ्या एका हॉस्पिटलात तशीच जागा निघाली, वर्षभराचीच, पगार आणखी थोडा कमी. मी कुणाला न विचारता ती घेतली. राजीनामा समीरदादाच्या टेबलावर ठेवला. निखिलला सांगितलं नाही. माझ्याआधी समीरदादाचा फोन त्याला जाईल हे मला माहीत होतं, किंबहुना तो जावा म्हणूनच मी संध्याकाळ टाळत उशिरा घरी गेले.

निखिल जिन्याच्या पायरीवर बसला होता, कोट अंगातच. "मला समीरदादाकडून कळावं?"

"हो."

"मग आता बरोबरी झाली?"

मला वाटलं होतं गोड लागेल. काहीच लागलं नाही. "नाही," मी म्हणाले. "मला वाटलं होतं होईल."

हप्ते झेपेनात, म्हणून उन्हाळ्यात आम्ही मोठं घर सोडून इथे, स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत आलो. खोकी त्यानेच उचलली, कपाटं त्यानेच जोडली, एका शब्दाने कुरकुरला नाही. मी वॉर्डातून दमून येते, कधी कधी आनंदाने ओसंडत येते, आणि दारात आल्यावर तो आनंद थोडा आवरून घेते. त्याला सांगावासा वाटतो. मग वाटतं, याला कशाला? तो मला आता सगळं सांगतो. कुणाचा फोन आला, कुणाला केला, काय बोललो. मी ऐकते, आणि ऐकता ऐकता मनात पडताळत असते. ही सवय मला आवडत नाही. पण ती जात नाही.

आजीकडे मी दर रविवारी जाते. निखिल गाडीने सोडतो आणि बाहेर वह्या तपासत बसतो. गेल्या रविवारी पाऊस लागला होता, गाडीच्या काचा वाफेने भरल्या होत्या. मी म्हणाले, "आत ये."

तो आला. ओले बूट पुसत, हातातली टोपी चुरगळत उभा राहिला. आजीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"हा कोण गो?"

"निखिल," मी म्हणाले.

"नाव नको." तिने हात हलवला. "तुझा कोण?"

निखिल माझ्याकडे बघत होता. मी उत्तर दिलं. पण ते यायला जेवढा वेळ लागला तेवढा लागायला नको होता, हे आम्हा तिघांनाही कळलं.